रोजगाराचा आकडा वाचायचा कसा आणि गावात मोजायचा कसा

देशातला बेरोजगारीचा दर २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के होता. आकडा खोटा नाही. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे, तो प्रश्न तुमच्या मनात नसतो आणि घोळ तिथेच होतो. तुम्हाला जाणून घ्यायचं असतं की लोकांना पुरेसं काम आणि पुरेसा पैसा मिळतो का. आकडा मात्र एवढंच सांगतो की काम करायला तयार असूनही वर्षातला बराच काळ रिकामी राहिलेली माणसं किती. मराठवाड्यात या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहानच येणार, कारण रिकामं बसणं इथे फार थोड्यांना परवडतं. मिळेल ते काम मिळेल त्या भावात करावंच लागतं.

हा लेख अर्थशास्त्राचे विद्यार्थी, तालुक्याचे वार्ताहर, ग्रामपंचायत सदस्य, संस्थांचे कार्यकर्ते अशा नव्याने या विषयात शिरणाऱ्यांसाठी आहे. आधी सरकारी आकडा वाचायला शिका, मग आपल्या गावात तोच हिशेब करून बघा.

सुरुवातीला जवळ काय हवं

- राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या ‘पीएलएफएस’चा, म्हणजे नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाचा, ताजा अहवाल. त्यातलं व्याख्यांचं प्रकरण आधी वाचा, तक्ते नंतर.
- याच सर्वेक्षणाची प्रश्नावली (अनुसूची १०.४) आणि क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या सूचनांची पुस्तिका. दोन्ही सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बहुतेक शंकांची उत्तरं पुस्तिकेत असतात आणि ती फारसं कुणी उघडत नाही.
- उद्योगांचे सांकेतांक (एनआयसी २००८) आणि व्यवसायांचे सांकेतांक (एनसीओ २०१५).
- गावाचं पीक-वेळापत्रक: पेरणी, खुरपणी, काढणी, वेचणी कधी असते आणि ऊसतोडीच्या गाड्या कधी निघतात.
- घरांची यादी, एक्सेलसारखा तक्ता, वही आणि पेन.

## १. आधी तीन ढीग करा

१५ वर्षांवरचा प्रत्येक माणूस तीनपैकी एकाच ढिगात जातो: काम करणारा, काम नसलेला पण करायला तयार असलेला, आणि या दोन्हींत नसलेला. पहिले दोन ढीग मिळून श्रमशक्ती होते. तिसऱ्यात विद्यार्थी, फक्त घरकाम करणाऱ्या बायका, थकलेले म्हातारे आणि कामाचा नादच सोडून दिलेली माणसं येतात.

एक मनाने रचलेलं गाव घ्या. १५ वर्षांवरची १,००० माणसं, ५८० कामात, २० बेकार आणि ४०० श्रमशक्तीबाहेर.

- श्रमशक्ती सहभाग दर = ६०० ÷ १,००० = ६० टक्के
- कामगार-लोकसंख्या प्रमाण = ५८० ÷ १,००० = ५८ टक्के
- बेरोजगारी दर = २० ÷ ६०० = ३.३ टक्के

बेरोजगारी दराचा छेद ६०० आहे, १,००० नाही. आता त्या २० जणांतले १० जण कंटाळून म्हणाले की जाऊ द्या, काम काही मिळत नाही, आता बघायचंच नाही. ते तिसऱ्या ढिगात गेले. दर झाला १० ÷ ५९०, म्हणजे १.७ टक्के. एकालाही काम मिळालं नाही आणि बेरोजगारी निम्मी झाली! म्हणून बेरोजगारी दर कधीही एकटा वाचू नका. शेजारी कामगार-लोकसंख्या प्रमाण ठेवा. ते ५८ वरून हललं नसेल तर गावात काहीही बदललेलं नाही.

## २. कोणत्या मुदतीचा आकडा आहे ते बघा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे. घाईत असाल तर बाकीचं सोडा, एवढं मात्र नीट वाचा.

प्राध्यापक दांतवाला यांच्या समितीने १९७० मध्ये सांगितलं की भारतासारख्या देशात बेरोजगारी एकाच आकड्यात मावणार नाही. त्यानंतर १९७२-७३ पासून मोजणीच्या वेगवेगळ्या मुदती रूढ झाल्या.

नेहमीची स्थिती (वर्षाची मोजणी). मागचे ३६५ दिवस बघतात. निम्म्याहून जास्त काळ माणूस श्रमशक्तीत होता का? असेल तर त्या काळात काम जास्त होतं की रिकामपण? जे जास्त ती त्याची मुख्य स्थिती. मुख्य स्थितीत काम नसेल, पण वर्षात किमान ३० दिवस काही काम केलं असेल, तर दुय्यम स्थितीने त्याला कामगार धरतात. अहवालात ‘मुख्य + दुय्यम’ असं लिहिलेलं दिसतं ते हेच. ३.२ टक्के हा दर याच पद्धतीचा आहे.

साप्ताहिक स्थिती. मागचे सात दिवस बघतात. कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलं असेल तर माणूस कामात. एक तासही नाही, पण काम शोधलं किंवा करायची तयारी होती, तर बेकार.

दैनिक स्थिती. सात दिवसांचे चौदा अर्धे दिवस करतात. दिवसाला चार तास किंवा जास्त काम म्हणजे पूर्ण दिवस, एक ते चार तास म्हणजे अर्धा. इथे माणसं मोजत नाहीत, दिवस मोजतात.

तिन्ही पद्धती एकाच शेतमजुराला लावून बघा. काढणी उरकल्यानंतरचा एखादा आठवडा धरा:

- सोमवार: पूर्ण दिवस मजुरी
- मंगळवार: सकाळी अर्धा दिवस, दुपारी काम नाही
- बुधवार: काम नाही, तयारी होती
- गुरुवार: पूर्ण दिवस
- शुक्रवार: अर्धा दिवस, उरलेला रिकामा
- शनिवार: काम नाही, तयारी होती
- रविवार: पाहुण्याच्या लग्नाला गेला, कामाला तयार नव्हता

चौदा अर्ध्या दिवसांपैकी सहा कामाचे, सहा बेकारीचे आणि दोन श्रमशक्तीबाहेरचे. दैनिक बेरोजगारी ६ ÷ १२, म्हणजे ५० टक्के. हाच माणूस साप्ताहिक मोजणीत कामात आहे. वर्षाच्या मोजणीतही बहुधा कामातच. त्याची निम्मी बेकारी फक्त तिसऱ्या पद्धतीत दिसते, आणि तीच पद्धत बातम्यांत सगळ्यात कमी येते.

आता ऊसतोड घ्या. बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातला कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, दिवाळीच्या सुमारास निघतो आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परततो. समजा १५० दिवस तोड, पावसाळ्यात ६० दिवस पेरणी-खुरपणी आणि १५५ दिवस काहीच नाही. ते १५५ दिवस तयारीचे धरले तरी २१० दिवसांचं काम जास्त भरतं, म्हणून माणूस ‘कामात’. तयारी नव्हती असं धरलं तरी २१० दिवस श्रमशक्तीत, म्हणजे वर्षाच्या निम्म्याहून जास्त, म्हणून पुन्हा ‘कामात’. पाच महिने हाताला काम नव्हतं ही गोष्ट वर्षाच्या दरात कुठेच उमटत नाही. साप्ताहिक मोजणी मे महिन्यात त्याच्या दारात पोचली तर तो बेकार निघेल. जानेवारीत पोचली तर घराला कुलूप असेल.

बायकांच्या बाबतीत ३० दिवसांची रेघ निर्णायक ठरते. वर्षात ४० दिवस खुरपणी-वेचणी आणि बाकी घरकाम करणारी बाई ‘मुख्य + दुय्यम’मध्ये कामगार आहे, फक्त ‘मुख्य’मध्ये श्रमशक्तीबाहेर. तिला २५ दिवसच काम मिळालं, म्हणजे पाऊस लांबला किंवा कापूस कमी आला, तर ती दोन्हींतून गेली. दुष्काळी वर्षात तिची गणना ‘बेकार’ म्हणून वाढत नाही, ती आकड्यातूनच नाहीशी होते.

इथे चूक होते: पीएलएफएस जानेवारी २०२५ पासून बदललं आणि दरमहा आकडे यायला लागले. पहिलं मासिक पत्रक १५ मे २०२५ रोजी आलं. त्यात एप्रिलचा दर ५.१ टक्के होता. लगेच कुणीतरी ३.२ शी तुलना करून बेरोजगारी वाढल्याचं लिहिणार. ५.१ साप्ताहिक आहे, ३.२ वार्षिक. त्याच २०२३-२४ चा साप्ताहिक दर ४.९ टक्के होता, तुलना करायचीच तर याच्याशी. तीही जपून, कारण नमुना आणि पद्धत दोन्ही बदलली आहेत. शिवाय एका महिन्याच्या दरावर हंगामाचा रंग असतो, एप्रिलची तुलना ऑक्टोबरशी केली तर सोयाबीनची काढणीच मोजाल.

## ३. ‘काम’ कशाला म्हणतात ते पाठ करा

पगार मिळाला तरच काम, असं नाही. आणि घाम गाळला म्हणजे काम, असंही नाही. रेघ कुठे आहे ते बघा:

- घरच्या शेतात बिनपगारी राबणं: काम.
- म्हैस-शेळ्या पाळणं, दूध घरच्या खाण्यापुरतं असलं तरी: काम.
- सावडीने एकमेकांच्या रानात जाणं: काम.
- स्वतःचं घर किंवा विहीर स्वतः बांधणं: काम.
- बचत गटासाठी पापड लाटून विकणं: काम. तेच पापड घरासाठी लाटणं: काम नाही.
- सरपण गोळा करणं, टँकरच्या रांगेत उभं राहून पाणी भरणं, स्वयंपाक, म्हाताऱ्यांची सेवा: काम नाही.

शेवटची ओळ वाचून चीड येते, आणि यावी. उन्हाळ्यात तीन तास पाण्यापायी घालवणारी बाई या हिशेबात ‘घरकाम’ या खान्यात बसते. तिचे तास बघायचे असतील तर वेळ-वापर सर्वेक्षण (२०१९ आणि २०२४) उघडा. त्यात आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून चोवीस तासांची अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद असते. रोजगाराच्या आकड्यांत ती शोधत बसू नका.

२०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संख्याशास्त्रज्ञ परिषदेने व्याख्या बदलली. मोबदला किंवा नफ्यासाठी केलेलं तेच ‘रोजगार’, घरच्या वापरासाठी पिकवणं हे वेगळं काम. आपल्याकडे जुनी रुंद व्याख्या चालू आहे. त्यामुळे परदेशी आकड्यांशी तुलना करताना, विशेषतः शेतकरी बायकांची, हात आखडता घ्या.

## ४. सांकेतांक लावायला शिका

प्रत्येक माणसाला दोन अंकी सांकेतांक मिळतो. नेहमी लागणारे असे, आणि सोबत आपल्याकडचं उदाहरण:

- ११ स्वतःचा धंदा किंवा शेती. बटईने रान करणारा इथेच येतो. पानटपरी, शिलाई मशीन, स्वतःची रिक्षा हेही.
- १२ मजूर किंवा नोकर कायम ठेवून धंदा करणारा.
- २१ घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी मदत.
- ३१ नियमित वेतन.
- ४१, ४२ सरकारी कामांवरची मजुरी. साप्ताहिक नोंदीत रोजगार हमीची मजुरी ४२.
- ५१ इतर रोजंदारी.
- ८१ काम नाही, तयारी आहे. साप्ताहिक नोंदीत शोधणारा ८१, आणि न शोधता तयार असलेला ८२.
- ९१ शिक्षण, ९२ फक्त घरकाम, ९३ घरकाम आणि सोबत सरपण-चारा-भाजी गोळा करणं किंवा घरासाठी शिवणटिपण.

अडतं कुठे? पाच जागी.

सालगडी. पाडव्याला साल ठरतं, वर्षभर एकाच मालकाकडे. तो ३१. म्हणजे एखाद्या तालुक्यात ‘नियमित वेतनवाले’ वाढले म्हणून नोकऱ्या वाढल्या असं समजू नका.

वाळूज-शेंद्र्यातला कंत्राटी कामगार. रोज कामावर जातो, महिन्याला पगार होतो: ३१. तो कायम आहे की नाही हे सांकेतांक सांगत नाही. त्यासाठी पुढचे तीन रकाने बघा: लेखी करार, पगारी रजा, सामाजिक सुरक्षा. ते न बघता ‘नियमित रोजगार’ हा शब्द लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

कोयत्यातली बायको. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादमाकडे जोडीचा, तिच्या हातात पैसा येत नाही. म्हणून तिला २१ देण्याचा मोह होतो. चूक. २१ हा घरच्या धंद्यातल्या मदतीसाठी आहे. फड घरचा नाही, ती मजुरीवरच आहे: ५१.

गुत्त्यावरचं काम. दहा जणांनी मिळून एकरी भावाने सोयाबीन काढायला घेतलं. भाव एकरी असो की रोजाचा, दुसऱ्याच्या रानात मजुरी आहे: ५१. त्यांच्या मजुरीवर पोट भरणारा गुत्तेदार वेगळा.

अभ्यासिकेतला उमेदवार. पदवी झाली, स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. अभ्यासिका म्हणजे शिक्षणसंस्था नव्हे, म्हणून डोळे झाकून ९१ लावू नका. नाव कुठल्या महाविद्यालयात आहे का ते विचारा. नसेल तर आज काम मिळालं तर कराल का, ते विचारा. “हो” आलं तर ८१, “परीक्षेशिवाय दुसरं काही नाही” आलं तर श्रमशक्तीबाहेर. लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या वस्तीत या एका प्रश्नावर तरुणांचा बेरोजगारी दर दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो. २०२३-२४ मध्ये देशात १५ ते २९ वयोगटाचा दर १०.२ टक्के होता, तो वाचताना हे लक्षात असू द्या.

## ५. प्रश्न विचारायचा कसा

“तुम्ही काम करता का?” हा प्रश्न बाद करा. बायका “नाही, घरीच असते” म्हणतात, आणि पुरुष त्यांच्या वतीने आणखी ठासून म्हणतात. कामाचं नाव घ्या, दिवसाचं नाव घ्या:

“मावशी, परवा सोमवारी सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?”
“काय करणार बाई, घरचंच. म्हशीचं शेण काढलं, दूध काढलं, भाकरी केल्या, मग रानात डबा घेऊन गेले.”
“डबा देऊन परत आलात का तिथे थांबलात?”
“थांबले की. तुरीला खुरपत होतो दोघं, दिवस मावळेपर्यंत.”

पहिल्या उत्तरावर थांबला असता तर ९२ लिहिलं असतं. ही बाई २१ आहे, आणि दिवस पूर्ण भरतो. म्हैस वेगळी.

वर्षाची आठवण तारखांनी येत नाही, सणांनी येते. पाडवा ते मृग, मृग ते पोळा, पोळा ते दसरा, दसरा ते येळवस, येळवस ते शिमगा, शिमगा ते पाडवा असे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यात किती दिवस मजुरी, किती घरच्या रानात, किती रिकामे ते विचारा. येळवस (वेळा अमावस्या) लातूर-धाराशिवकडे चालते, इतरत्र संक्रांत धरा. तुकड्यांची बेरीज ३६५ च्या आसपास यायला हवी. ४२० आली तर दोन कामं एकाच दिवशी मोजली गेली आहेत.

शक्यतो प्रत्येकाला स्वतः विचारा. घरातल्या एकानेच सगळ्यांची माहिती दिली असेल तर तशी खूण करा, नंतर दोन्ही प्रकारच्या उत्तरांची तुलना करता येते.

मजुरीसाठी मुदती वेगळ्या असतात हेही ध्यानात ठेवा. पीएलएफएस रोजंदारीची कमाई मागच्या सात दिवसांची विचारतं, नियमित पगार मागच्या महिन्याचा आणि स्वतःच्या धंद्याची कमाई मागच्या ३० दिवसांची. शेतकऱ्याला मे महिन्यात ३० दिवसांची कमाई विचारली तर उत्तर शून्य येईल, त्यात नवल नाही.

## ६. कुठला आकडा कुठून आला

जनगणना. सहा महिने किंवा जास्त काम केलेले मुख्य कामगार, त्याहून कमी केलेले सीमांतिक. गावपातळीचा आकडा फक्त इथेच मिळतो, पण हाताशी असलेला २०११ चा आहे. आणखी एक मेख आहे: २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात. जनगणना माणसाला तो त्या काळात जिथे असतो तिथे धरते. त्यामुळे बीडचा तोडकरी कोल्हापूर-सांगलीकडे मोजला गेलेला असू शकतो. पीएलएफएसचा नियम उलटा: सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर गेलेला माणूस घरचाच. एकाच गावाचे दोन आकडे जुळले नाहीत तर आधी हे तपासा.

ईपीएफओची, म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेची, पगारपट आकडेवारी. सप्टेंबर २०१७ पासूनची, दरमहा. “इतके लाख रोजगार निर्माण” ही बातमी इथून येते. पण नवा सदस्य म्हणजे नवी नोकरी नव्हे. १९ कामगारांच्या कारखान्यात विसावा आला की कायदा लागू होतो आणि वीसही जण ‘नवे’ म्हणून नोंदले जातात. नोकऱ्या औपचारिक होण्याचा वेग यातून चांगला कळतो, एवढंच.

ई-श्रम आणि महास्वयम. दोन्ही नोंदणीच्या याद्या आहेत. ई-श्रममध्ये असंघटित कामगार नाव घालतात, महास्वयमवर काम शोधणारे. नोकरीतला माणूसही चांगल्या नोकरीसाठी महास्वयमवर नाव ठेवतो, आणि खरा बेकार कदाचित गेलेलाच नसतो. जिल्ह्यातल्या बेकारांची संख्या म्हणून ही नोंदणी छापणं ही नेहमीची चूक.

रोजगार हमीचे मनुष्यदिवस. १९७७ च्या आपल्या राज्याच्या कायद्यापासून हा शब्द महाराष्ट्राच्या ओळखीचा. एक लाख मनुष्यदिवस म्हणजे एक लाख माणसं नव्हेत. एकूण मनुष्यदिवस भागिले काम मिळालेली कुटुंबं करा, म्हणजे दर कुटुंबाला किती दिवस मिळाले ते निघेल. मागणीचा आकडा वाचताना लक्षात ठेवा की तोंडी मागणी नोंदीत येत नाही.

सीएमआयई (सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी). खासगी संस्था, वेगळी व्याख्या. बेकार ठरायला काम शोधत असणं लागतं, आणि बायकांचा सहभाग पीएलएफएसपेक्षा खूपच कमी दिसतो. सरकारी दराशी शेजारी-शेजारी ठेवून भांडण लावण्यात अर्थ नाही. तिचाच मागचा-पुढचा आकडा बघा.

## ७. मराठवाड्याचा वेगळा आकडा काढायचा असेल तर

छापील अहवालात राज्यापर्यंतचे तक्ते असतात. पण राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने महाराष्ट्राचे सहा प्रदेश केले आहेत. त्यातला ‘इनलँड सेंट्रल’, सांकेतांक २७४, म्हणजे आपलेच आठ जिल्हे: छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली. मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून मोफत नोंदणी करून घरनिहाय कच्ची माहिती उतरवता येते आणि या प्रदेशापुरती गाळता येते.

प्रत्येक ओळीला भार, म्हणजे नमुन्यातला तो माणूस लोकसंख्येतल्या किती माणसांच्या वतीने आला आहे तो आकडा, लावायला विसरू नका. भार न लावता काढलेली टक्केवारी म्हणजे नमुन्याची टक्केवारी, मराठवाड्याची नव्हे. भार कशाने भागायचा ते माहितीसोबतच्या वाचा-फाइलमध्ये असतं, ते चुकलं तर लोकसंख्या दुप्पट येते. आणि बरोबर केलं तरी एकूण लोकसंख्या प्रक्षेपणापेक्षा कमी निघते. म्हणून टक्केवारी वापरा, “इतके लाख बेकार” काढायचंच असेल तर टक्केवारी प्रक्षेपित लोकसंख्येला लावा.

एका जिल्ह्याच्या दराबाबत मात्र सावध. समजा जिल्ह्याच्या नमुन्यात श्रमशक्तीतली ४०० माणसं आली आणि दर ५ टक्के निघाला. साध्या सूत्राने प्रमाण-त्रुटी (नमुन्यामुळे येणारी चूक) येते १.१ टक्का. तिच्या सुमारे दुप्पट दोन्ही बाजूंना धरायची, म्हणजे खरा दर साधारण २.९ ते ७.१ च्या दरम्यान कुठेही. नमुना गावागावांच्या झुबक्यांनी घेतलेला असल्यामुळे प्रत्यक्षात पट्टा आणखी रुंद. अशा वेळी परभणी ४.६ आणि हिंगोली ५.२ असं दिसलं तर हिंगोलीत बेरोजगारी जास्त, असं म्हणता येत नाही. २०२५ पासून नमुना वाढवला आणि जिल्हा हा नमुन्याचा पायाभूत घटक केला. तरीही जिल्ह्याचा दर लिहाल तेव्हा शेजारी नमुन्याची संख्या लिहा.

## ८. आपल्या गावाची मोजणी

३०० उंबऱ्यांचं गाव असेल तर नमुन्याच्या भानगडीत न पडता सगळी घरं करा. घराला २५ मिनिटं धरली तर १२५ तास होतात. पाच जणांना प्रत्येकी २५ तास, सकाळ-संध्याकाळ मिळून आठवड्याचं काम. पाचात दोन तरी बाया असाव्यात.

सगळी घरं झेपत नसतील तर यादीला क्रमांक द्या, १ ते ७ मधली एक चिठ्ठी उचला आणि तिथून दर सातवं घर घ्या. ४२-४३ घरं येतील. वस्ती, तांडा आणि गावठाणाबाहेरची घरं यादीत आहेत का ते आधी बघा, कारण मतदार यादीवरून केलेल्या यादीत नेमकं हेच सुटतं. एवढ्या घरांवरून बेरोजगारी दर काढू नका, तो डगमगता येईल. दर माणशी कामाचे दिवस, घरच्या कामाचे आणि मजुरीचे वेगळे, एवढं काढा.

कुलूप लागलेल्या घराऐवजी शेजारचं घर घ्यायचं नाही. शेजारी घरी आहे म्हणजे तो तोडीला गेलेला नाही, आणि तुमचा सगळा हिशेब गावात राहिलेल्यांकडे झुकेल. कुलूपबंद घर ‘कुलूप’ म्हणून नोंदवा, कुठे आणि कधीपासून गेले ते भावकीत विचारा, आणि परतल्यावर जा.

बायकांच्या सहभागाचा आकडा काढाल तेव्हा तो फोडून दाखवा. देशात ग्रामीण बायकांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४७.६ झाला. त्याच काळात एकूण कामगारांत स्वयंरोजगारवाले ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेले. वाढ ११ आणि २१ मध्ये किती, ५१ मध्ये किती आणि ३१ मध्ये किती हे वेगळं लिहिलं नाही तर घरच्या रानात बिनपगारी राबणं आणि एमआयडीसीतली नोकरी एकाच ढिगात जाते.

ग्रामसभेपुढे किंवा बातमीत मांडताना वाक्य असं असू द्या: “मे महिन्यातल्या पाहणीत, १५ वर्षांवरच्या अमुक माणसांपैकी अमुक जणांना मागच्या सात दिवसांत एक तासही काम नव्हतं आणि करायची तयारी होती. मजुरी करणाऱ्यांना आठवड्यात सरासरी अमुक दिवस काम मिळालं.” मुदत, वय, छेद आणि दिवस, चारही गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. माणसांची नावं तक्त्यात ठेवू नका, घराला क्रमांक पुरे.

दोन फेऱ्या करा. एक मे महिन्यात आणि एक ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, सोयाबीनची काढणी जोरात असताना आणि गाड्या निघायच्या आत. दुसऱ्या फेरीत तीच घरं, तीच प्रश्नावली आणि शक्यतो विचारणारी माणसंही तीच. फक्त मागच्या हंगामात तोडीला कोण गेलं होतं त्याची यादी सोबत न्या आणि त्यांना आधी भेटा, कारण गाड्या निघायला लागल्या की ती माणसं सापडत नाहीत.